फळीवरची हाक

बिबीजानला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती माझ्याशी बोलत होती आणि मला ते कळलंच नव्हतं. आम्ही नगरला नुकतंच बिऱ्हाड केलं होतं. समोरच्या घराच्या दारात एक उंच, सावळी बाई उभी राहून हात हलवत होती. आधी मूठ तोंडाजवळ, मग उताणी ओंजळ, मग एक बोट गल्लीच्या टोकाकडं. माझ्यामागं कुणी उभं आहे की काय म्हणून मी वळूनही पाहिलं. शेवटी ती रस्ता ओलांडून आली.

"जेवन झालं का, पानी भरलं का, नळ त्या टोकाला हाय. इतकंच इचारत हुते," ती म्हणाली. "आमच्या घरात तोंडानं बोलायची सवय मोडली बगा, वैनी."

आमची गल्ली मागवाल्यांची. बिबीजानच्या घरात शिरलं की उजव्या हाताला जमिनीत खड्डा होता आणि त्या खड्ड्यात पाय सोडून तिचा नवरा नूरमहंमद मागावर बसलेला असे. पायांनी पावड्या दाबायच्या, हातानं दोरी ओढून धोटा या कडेचा त्या कडेला फेकायचा, फणी ठोकायची. सकाळचा चहा झाला की खट् खट् खटाक सुरू होई ते दिवेलागणीपर्यंत. त्या आवाजापुढं माणसाच्या गळ्याचा पाड लागत नसे. म्हणून त्या घरात फळी होती.

जाड सागवानी लांबलचक फळी. तिचं एक टोक खड्ड्याच्या काठावर, नूरमहंमदच्या बैठकीखाली, आणि दुसरं थेट चुलीजवळ. बिबीजान दिवसभर फळीवर बसून रहाटावर कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायच्या बोटाएवढ्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. नवऱ्याला हाक मारायची असली की हातातली कांडी फळीवर आपटायची. ठोका त्याला बुडाखाली कळे, तो मान वळवी आणि मग हातांनी बोलणं होई. पीठ संपलंय, पाहुणे आलेत, रंग चुकतोय, सगळं हातांनी. गल्लीतल्या प्रत्येक मागाच्या घरी हीच तऱ्हा होती. नवी सून आली की तिला आधी फळीवरची हाक शिकवत आणि मग चूल दाखवत.

"आमच्याकडं भांडन झालं की हात दुखत्यात, घसा न्हाई," बिबीजान म्हणायची.

ती सोनईची. तिचे वडील दिलावर पिंजारी गावोगाव गाद्यांचा कापूस पिंजत फिरायचे. बापाच्या घरी धनुकलीचं टंव टंव, नवऱ्याच्या घरी खटखट, माझ्या कानाला इसावा म्हणून कसा तो नाहीच, असं ती हसत सांगे. हसताना तिचा एक दात जरा पुढं येई. तो झाकायला ती पदर तोंडाशी नेई आणि मग हाताचं बोलणं अर्धवटच राही. मी आल्यापासून तिचं आणि माझं जमलं. माझ्याकडं पुस्तकं होती आणि तिच्याकडं गोष्टी, आणि दुपारी दोघींनाही कुणीतरी हवं असे.

तिची आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. तिसरी शकिला. मी तिथं राहायला गेले तेव्हा ती तीन वर्षांची होऊन गेली होती आणि फळीवर आईच्या शेजारी बसून कांड्या रंगाप्रमाणं लावत असायची. आईनं बोट दाखवायच्या आधी हवी ती कांडी उचलून द्यायची. चुणचुणीत, डोळ्यांनी सगळं टिपणारी पोर. बोलत मात्र नव्हती. घशातून एक ओढलेला आवाज काढायची, बाकी सगळं हातांनी. माझं नाव तिनं कपाळावर बोट टेकवून ठेवलं होतं, माझ्या कुंकवावरून. बाप म्हणजे धोटा फेकल्यासारखा हात. आई म्हणजे रहाट फिरवणारी मूठ.

हे नवल कुणाला वाटत नव्हतं, कारण त्या घरात सगळेच तसे बोलत. शेजारी कौतुकानं म्हणत, पोरगी बोलती कमी पण समजती समदं. बरोबरीची पोरं चुरूचुरू बोलायला लागली तेव्हा गल्लीत भाजी घेऊन येणाऱ्या छबूबाईनं एकदा शंका काढली होती, आणि मग पोरीची रीतसर परीक्षा झाली. शकिलाला फळीवर पाठमोरी बसवून छबूबाईनं चुलीकडच्या टोकाला पितळेचं ताट आपटलं. पोर गर्रकन वळली. छबूबाईनं निकाल दिला की कान शाबूत आहेत, पोर बापासारखी घुमी आहे, झालं. नूरमहंमद खरंच घुमा होता, त्यामुळं तो निकाल सगळ्यांना पटला.

आणखी एक पुरावा गल्लीजवळ होता. ती लढाईची वर्षं. नगरच्या छावणीतून रणगाडे आणि लष्कराच्या अवजड मोटारी मोठ्या रस्त्यानं जायच्या. त्यांचा आवाज आमच्या कानावर येण्याआधी शकिला हातातलं टाकून दाराकडं धावायची. आमच्याही आधी ऐकते म्हणून बिबीजान तिची दृष्ट काढायची.

मग सूत कंट्रोलवर गेलं, म्हणजे सरकार वाटून देईल तेवढंच. दुकानासमोर रांगा लागल्या, नाव नोंदलेल्यालाही मिळेना, आणि गल्लीतले माग एकामागून एक गप्प झाले. नूरमहंमदनं ताणा मागावर चढवून ठेवला होता, उभे धागे तसेच ताणलेले, पण आडवं भरायला सूत नव्हतं. अर्धं लुगडं मागावर तसंच राहिलं. रिकाम्या खड्ड्यात पोर पडू नये म्हणून त्यानं तो पोत्यांनी झाकला आणि फळी उचलून भिंतीशी उभी केली.

घरात भर दिवसा शांतता आली, आणि त्या शांततेत पहिल्यांदाच बिबीजाननं लेकीला तोंडानं हाक मारली. शकिला चुलीशी पाठ करून बसली होती. ती वळली नाही. बिबीजाननं पुन्हा हाक मारली, मग ओरडून मारली. मला ती हाक माझ्या स्वयंपाकघरात ऐकू आली.

ती माझ्याकडं आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिचं म्हणणं एकच होतं. पोरीला ऐकू येत होतं, सगळ्या गल्लीनं बघितलं होतं. माग बंद पडला आणि पोरीचे कान बंद पडले. मागाच्या घरात जन्मलेलं लेकरू, खटखटीवर वाढलेलं. खटखट गेली तशी तिच्या कानातली काहीतरी ओढ गेली. मी समजूत घालायला गेले तर तिनं पुरावा काढला. नूरमहंमदचे थोरले भाऊ गनीभाई पलीकडच्या बोळात राहत. त्यांच्याकडं उरलंसुरलं सूत होतं आणि त्यांचा माग अजून चालू होता. ती शकिलाला घेऊन तिथं गेली, तिला फळीवर बसवलं, आणि धोट्याचा दोरा तुटून माग थांबला तशी पोरीनं मान वळवून पाहिलं. घरी आणली तर पुन्हा दगड.

"माग चालला की कान उगडत्यात, वैनी. मला सूत पायजे," ती म्हणाली.

त्या दिवसापासून ती सुतामागं लागली. कंट्रोलच्या दुकानासमोर उन्हात उभी राहायची आणि रिकाम्या हातानं परत यायची. राजूरला डोंगरातल्या बाजारात कुणी हातचं सूत विकतं असं ऐकून तिकडं जायला निघाली होती. नूरमहंमदनं कसंबसं थांबवलं. रात्री तिला झोप नसायची हे तिच्या डोळ्यांवरून दिसे. हाताला काम नव्हतं तरी मूठ रहाट फिरवल्यासारखी आपोआप हलत राही, आणि शकिलाला वाटे आई 'आई' म्हणतेय, आपल्याला बोलावतेय. ती येऊन मांडीवर बसे.

तशातच गनीभाईंनी निकाल सांगितला. मालेगावला त्यांच्या ओळखीच्या एका कारखानदाराकडं यंत्रमागावर नूरमहंमदला काम मिळत होतं. बायकोला कांड्या भरायचं काम. राहायला दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर निम्मी खोली. पोरीचं काय, यावर त्यांचं म्हणणं साधं होतं. ऐकत असेल तर आज ना उद्या बोलेल, तिला न्या. ऐकत नसेल तर कर्जतकडं वस्तीवर त्यांची विधवा फुफी, म्हणजे आत्या, आहे, तिला शेळ्यांमागं कुणीतरी हवंच आहे. तिथं खाऊन-पिऊन राहील. गनीभाई दुष्ट मुळीच नव्हते. शकिलासाठी खिशात गूळ-शेंगदाणे ठेवणारा माणूस तो. परक्या गावात, परक्या खोलीत, यंत्रांच्या पट्ट्यांमध्ये न ऐकणारं लेकरू कोण सांभाळणार, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. जायच्या आधी मी स्वतः येऊन बघीन, म्हणाले.

बिबीजान मला एवढंच म्हणाली, "फुफीला काय ठावं, मूठ फिरवली म्हंजे माय? शेरडाशी बोलंल का ही?"

बालमंदिराची कल्पना माझी. माझी कॉलेजातली मैत्रीण लीना गावात लहान मुलांचं बालमंदिर चालवायची. मुलांना दाखल करताना ती त्यांची समज तपासायची. टोपलीत लाकडी खेळणी, चित्रं, मणी. नाव सांग, दाखव, आण, ठेव. शिकलेल्या बाईनं पोरीला समज आहे म्हणून सांगितलं तर गनीभाई ऐकतील, असं मला वाटलं. बिबीजान धुवट लुगडं नेसून आली. शकिलाच्या केसांना तेल लावून तिनं इतकं ओढून बांधलं होतं की पोरीच्या भुवया वर गेल्या होत्या.

लीनानं शकिलाला समोर बसवलं. बाहुली दे, कावळा दाखव, वाटी बशीत ठेव, दार लाव. शकिलानं सगळं केलं. दार लावून आली आणि शाबासकीसाठी लीनाच्या तोंडाकडं पाहत उभी राहिली. लीनाला तिचं फार कौतुक वाटलं. म्हणाली, आकलन उत्तम आहे, शब्द उशिरा येताहेत, काही मुलं अशी असतात. खेळण्याचं नाव एकही सांगितलं नाही म्हणून या वर्षी नको, पुढच्या वर्षी आणा.

मी भिंतीशी बसून लीनाकडं पाहत होते. 'कावळा' म्हणताना तिची नजर कावळ्यावर जात होती. 'दे' म्हणताना हात पुढं येत होता. 'दार लाव' म्हणताना हनुवटी दाराकडं वळली होती. लीना प्रेमळ होती. प्रेमळ माणसं लहान मुलांशी सगळ्या अंगानं बोलतात. आणि शकिला तर अंगाची भाषा वाचण्यात जन्मापासून तयार झालेली.

परतताना बिबीजान जवळजवळ पळत होती. कान आहेत, बाईंनी सांगितलं, कान आहेत! आता फक्त माग सुरू व्हायचा अवकाश. गनीभाईंना तिनं त्याच दिवशी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, शाळेतल्या बाईचं ऐकती आणि सख्ख्या चुलत्याचं का ऐकत नाही? मी येईन तेव्हा मला ऐकून दाखवू दे.

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी शकिला माझ्या ओसरीवर शेंगा सोलत बसली होती. मी देवघरातली घंटा आणली, तिच्या पाठीशी उभी राहिले आणि हातात अधांतरी धरून वाजवली. जोरात वाजवली. समोरच्या लिंबावरचा कावळा उडाला. शकिला शेंगा सोलत राहिली. घंटा ठेवून मी ओसरीच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि खलबत्त्यातला बत्ता फरशीवर हलकेच टाकला. आवाज असा झालाच नाही. शकिला वळली, माझ्याकडं पाहून हसली आणि कपाळावर बोट टेकवलं.

त्याच दुपारी आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ती समोर आपल्या घराकडं पाहत होती. धोटा फेकल्यासारखा हात केला, आणि मग तोच हात गालाखाली घेऊन मान कलती केली. आधी मला वाटलं, बाबा झोपलेत. पण नूरमहंमद दारातच उभा होता, मी त्याच्याकडं बोट केलं. तिनं नाही म्हणून मान हलवली, त्याच्यामागं घरातल्या खड्ड्याकडं बोट केलं, पुन्हा धोटा आणि पुन्हा गालाखाली हात. माग झोपला. लीनाच्या टोपलीतल्या कुठल्याही खेळण्याचं नाव ज्या पोरीला सांगता आलं नव्हतं, ती एक पूर्ण वाक्य बोलली होती. तेही कुणी न शिकवता.

मी उठून समोर गेले. सांगायचंच ठरवलं होतं.

बिबीजान खिडकीच्या उजेडात मांडीवर लुगडं घेऊन बसली होती. तिचं लग्नातलं लुगडं. नूरमहंमदनं लग्न ठरल्यावर तिच्यासाठी स्वतः विणलेलं, बाजारात न नेलेलं. दोनदा ईदेला नेसून ठेवून दिलेलं होतं. ती सुईच्या टोकानं त्याचा एकेक आडवा धागा सोडवून काढत होती, त्याला पुढच्या धाग्याची गाठ मारत होती आणि कांडीवर गुंडाळत होती. शेजारी भरलेल्या कांड्यांचा लहानसा ढीग होता. दारात टेकलेली छबूबाई म्हणत होती, "लोक लुगडं इनत्यात, ही बया उसवती." पण तिच्या आवाजात नेहमीचा खट्याळपणा नव्हता. ती टोपली तशीच ठेवून गाठी मारायला बसली.

छबूबाई गेल्यावर मी सांगितलं. घंटा, बत्ता, लीनाची हनुवटी, सगळं. म्हटलं, शकिलाला ऐकू येत नसावं, बिबीजान. आधीही येत नसावं. तिला जमिनीतलं कळतं, फळीतलं कळतं.

तिनं मान वर केली. इतकी रागावलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

"फळीतलं कळतं म्हंजेच ऐकू येतं न्हवं? मी कांडी आपटते ती ह्यांला काय कानानं कळती? मग हे काय भैरे हायेत? सगळी गल्ली भैरी हाय का, वैनी?"

तिच्या घरात ऐकणं म्हणजे तेच होतं. तिथं कुणीच कुणाला कानानं ऐकत नव्हतं. मग एकटी शकिलाच वेगळी, हे तिनं कसं मानावं? ती पुन्हा धागा सोडवू लागली. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या आणि सुताला मधूनमधून लाल डाग लागत होते.

नूरमहंमदनं आधी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. आपण विणलेलं आपल्यासमोर उसवलं जातंय हे पाहणं त्याला जड जात असणार. पण पुरेशा कांड्या झाल्या तेव्हा त्यानंच पोती काढली, खड्डा झाडला, फळी खाली आणून जागेवर बसवली. मला बिबीजाननंच बोलावलं. तुमीच बगा, म्हणाली, तुमच्या डोळ्यांनी.

माग सुरू झाला. गाठी फणीत अडकत होत्या, धोटा रखडत होता, पण तो आवाज आला आणि बिबीजानचे डोळे भरले. शकिला फळीवर बसली होती. तिच्या अंगात जणू जीव आला. ती उठली, बसली, दोन्ही तळवे फळीवर ठेवले आणि हसली. नूरमहंमद थांबला. पोरीनं लगेच वळून बापाकडं पाहिलं. बिबीजाननं माझ्याकडं पाहिलं. पुन्हा सुरू, पुन्हा थांबला, पुन्हा ती वळली.

मी पुढं होऊन शकिलाला उचललं आणि कडेवर घेतलं. ती माझ्या मंगळसूत्राशी खेळू लागली. मी नूरमहंमदला हातानंच चालू ठेवायची खूण केली. खटखट होत राहिली आणि मग मध्येच थांबली. एकदम शांत झालं. शकिला मंगळसूत्रातले मणी एकेक करून सरकवत होती. तिनं मान वर केली नाही.

बिबीजाननं माझ्याकडून पोरीला घेतलं आणि फळीवर उभं केलं. नवऱ्याला खूण केली. माग चालला, थांबला. पोर वळली. तिनं उचलून उराशी धरलं. चालला, थांबला. पोर तिच्या कानातल्या बाळीला हात लावत होती. ती पुन्हा खाली ठेवायची, पुन्हा उचलायची. किती वेळ असं चाललं कोण जाणे. शेवटी नूरमहंमदनंच हात खाली टाकले. मागावर हातभर विचित्र कापड तयार झालं होतं, लग्नाच्या लुगड्याच्या रंगाचं, जागोजाग गाठी आलेलं.

बिबीजान पोरीला घेऊन खाली बसली. तिनं पोरीच्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी हळू तिचं नाव घेतलं. पोरीला श्वासाच्या गुदगुल्या झाल्या, ती खिदळली.

"म्हंजे मी हिच्या कानात कदी गेलेच न्हाई," बिबीजान म्हणाली. "आधीची दोन गेली तवा वाटलं, हिला तरी माझा आवाज ठावा हाय. हिला निजवताना किती बोललेय मी, वैनी. पार सोनईच्या आंब्यापातूर समदं सांगितलंय."

ती रडली नाही. तिचा हात हलत राहिला, नेहमीसारखा, मूठ गोल गोल. शकिलानं ते पाहिलं आणि आपलीही लहानशी मूठ गोल फिरवून उत्तर दिलं.

दुसऱ्या सकाळी मी बांगड्या भरायला कासाराकडं निघाले होते तेवढ्यात गनीभाई समोरच्या घरात शिरताना दिसले. मी मागोमाग गेले. वाटलं होतं, फळी पुन्हा भिंतीशी असेल आणि बिबीजान कोपऱ्यात पडलेली असेल. फळी जागेवर होती. चूल पेटलेली होती. बिबीजाननं शकिलाला फळीच्या मध्यावर, भिंतीकडं तोंड करून बसवलं होतं आणि तिच्या पुढ्यात रंगीत कांड्या मांडल्या होत्या. मला पाहून ती क्षणभर थबकली, मग नजर काढून घेतली.

उरलेल्या कांड्यांवर माग चालला. थांबला. शकिलानं वळून बापाकडं पाहिलं. गनीभाईंनी मान डोलावली, पण त्यांचं समाधान झालं नाही. म्हणाले, खटखटीला कुत्रंसुद्धा कान टवकारतं. हाक मारून दाखव.

बिबीजान फळीच्या चुलीकडच्या टोकाला बसली होती. तिनं पोरीच्या पाठीकडं पाहिलं.

"शकिला," तिनं हाक मारली, चांगली मोठ्यानं. आणि पदराखाली तिची टाच फळीवर दाबली गेली. मी तिच्या बाजूलाच उभी होते म्हणून मला ती दिसली.

शकिला वळली आणि आईकडं पाहून हसली.

नूरमहंमदनं मागावरून मान वर केली नाही. तो एक तुटलेला धागा सांधत होता, जो मला तरी तुटलेला दिसत नव्हता.

गनीभाईंना आनंद झाला. खिशातून शेंगदाणे काढून त्यांनी पोरीच्या हातावर ठेवले. मग माझ्याकडं वळले. "तुमी शिकलेल्या मानूस, वैनी. तुमाला काय वाटतं?"

बिबीजान चुलीत फुंकर घालत होती. ती थांबली. तिची पाठ माझ्याकडं होती आणि ती पाठ ऐकत होती.

मी म्हटलं, "तुमच्यासमोरच हाकेला वळली की, गनीभाई."

ते हसत गेले. फुफीला निरोप धाडतो म्हणाले, दुसरं कुणी बघ म्हणून. ते बोळात वळेपर्यंत बिबीजान चूल फुंकत राहिली, आणि मग तिथंच, राखेत हात घालून, बराच वेळ बसली.

जाण्याच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडं पाणी प्यायला आली. सामान बांधून झालं होतं. माग विकला होता, फळीसकट. ती फळीबद्दलच बोलत होती. म्हणाली, फळी तेवढी नेता आली असती तर बरं झालं असतं. मग ओसरीच्या कडेला बसून माझ्याकडं न पाहता तिनं विचारलं, मालेगावला यंत्रमाग एका छपराखाली ओळीनं असतात ना? रात्रंदिवस चालतात ना? मी म्हटलं, असं ऐकलंय खरं.

"मंग तिथली जमीन हालत आसंल," ती म्हणाली. "सारखी हालत आसंल. मंग कुनाला कळायचं न्हाई."

आणि जरा वेळानं, "पन मंग माझी टाच तिला कशी कळायची, वैनी?"

तिचा पेला रिकामा झाला होता तरी ती तो तोंडाशी धरून होती.

मोटार स्टँडवर मी पोचवायला गेले. गनीभाईही आले होते. मोटारीत दाटी होती. नूरमहंमद वळकटीवर टेकला, बिबीजान खिडकीशी आणि शकिला तिच्या पायांपाशी मोटारीच्या फळ्यांवर उभी. ड्रायव्हरनं हँडल मारलं, इंजिन धडधडलं, आणि शकिलाचा चेहरा एकदम उजळला. ती वळली आणि खिडकीबाहेर आमच्याकडं पाहू लागली.

"बगितलं का, वैनी?" गनीभाई म्हणाले. "मोटार सुरू झाली की कशी वळली. उगाच लोक काय बी बोलत हुते."

शकिलानं आईचा पदर ओढला. धोटा फेकल्यासारखा हात केला, मग तोच हात गालाखाली घेतला आणि झटक्यानं बाजूला काढून डोळे मोठे केले. माग उठला. तिनं ते दोनदा केलं, कारण आई पाहत नव्हती. बिबीजान माझ्याकडं पाहत होती. मग तिनं लेकीकडं पाहिलं, मान हलवून हो म्हटलं आणि तिला उचलून मांडीवर घेतलं.

मांडीवर येताच पोरीचा चेहरा पुन्हा शांत झाला. ती खाली उतरायला धडपडू लागली. मोटार हलली. मला शेवटचं दिसलं ते हे की बिबीजाननं तिला पुन्हा खाली, फळ्यांवर उभं केलं होतं, आणि स्वतःच्या वहाणा काढून आपले पायही तिच्या पायांशेजारी टेकवले होते.